बुडणाऱ्याचा चेहरा

४ मे १४७३, संत फ्लोरियनचा दिवस

रंगांच्या कृतींच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती आजपासून वापरायला काढली. पुढून हिरवी माती कशी कुटायची आणि चुना किती महिने भिजत घालायचा, मागून माझी रड.

गाव लहान, चर्च मोठं आणि पाद्री एमेराम बोलघेवडा. उत्तरेची अख्खी भिंत माझी. वरच्या भागात पवित्र जातं काढायचं. चार शुभवर्तमानकार वरून धान्याची पोती ओततायत, बारा प्रेषित दांडा फिरवतायत आणि खालून पिठाऐवजी बाळ येशू बाहेर येतोय. त्याच्या खाली पापी. लहानग्यांना वाट चुकवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात लोटावं, हे वचन पाद्रीबाबांचं लाडकं आहे. "लोकांना घाम फुटला पाहिजे, योडोक," म्हणाले. फोडू की घाम!

ख्रिस्तदेहाच्या सणाला, जूनच्या मध्याला, उल्म शहराचे उस्ताद गेबहार्ट भिंत पाहायला येणार आहेत. त्यांनी मान डोलावली तर चिताऱ्यांचा संघ मला उस्ताद करून घेईल. चौतीस वर्षांचा झालो, त्यातली अकरा वर्षं दुसऱ्यांच्या परांच्यांवर गेली. ही संधी हुकली तर म्हातारपणीही कुणाच्या तरी संतांची वस्त्रंच रंगवत बसेन. चेहरे काढण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी वहीत तरी लिहू शकतो.

राहायची सोय मात्र पाणचक्कीवर! चक्की चर्चच्या मालकीची, म्हणून पाद्रीबाबांनी मला तिथे टाकलं. चक्कीवाल्याच्या पोराला कुठलाही संघ शिकायला घेत नाही, त्याच्या ताटाला ताट लावून कुणी जेवत नाही. उस्तादांना हे कळू नये म्हणजे मिळवली.


७ मे

चक्कीवाल्याचं नाव वेंडेल. पन्नाशीचा, रुंद, भुवयांत कायम पीठ. बायको कुनिगुंड, तोंडाची फटकळ, पण सातूचं सूप असं करते की वाडगा चाटावासा वाटतो.

जात्याचं चित्र बरोबर यावं म्हणून वेंडेलची तळी पाहायला बसलो. तो तळीला टाकी लावत होता. माझा कच्चा आराखडा पाहून हसायलाच लागला.

"चितारीबुवा, ह्या जात्यातनं पीठ बाहेर कसं येणार? खाचा उलट्या काढल्यात तुम्ही. सगळं मधेच तुंबंल. प्रेषित बिचारे फिरवून फिरवून मरतील."

"हे देवाचं जातं आहे."

"मग तर नीट चाललं पाहिजे!"

खाचा सुलट्या केल्या. कुणाला सांगायचं नाही.

मग म्हणाला, "तुमच्या चित्रात गळ्यात तळी बांधलेला तो पापीच असतो काय हो? आमच्या फ्लोरियनलाबी तसंच बुडवलंय की." चुलीवरच्या फळीवर लाकडी फ्लोरियन आहे, गळ्यात तळी, चेहरा शांत. काम अगदी गावठी. मी म्हटलं, संताचा चेहरा वेगळा, पाप्याचा वेगळा, तेच तर आमचं कसब.

बाहेरच्या भिंतीला एक लांबलचक शिडी टांगलेली आहे. फळं काढायची का, असं विचारलं तर कुनिगुंड म्हणाली, "फासाची हाये. कुणाला लटकवायचं असलं की शिडी चक्कीवाल्यानं न्यायची, खाली धरून उभं ऱ्हायचं. गावचा मान हाये आमचा." आणि तिनं सूप असं ओतलं की निम्मं मेजावर सांडलं.


१२ मे

वरचा भाग झपाट्यानं होतोय. गवंडी बार्टल रोज सकाळी मला एका दिवसापुरता ओला गिलावा करून देतो. तो सुकायच्या आत रंग गेला की कायमचा. चुकलं तर छिन्नीनं फोडायचं, दुसरा उपाय नाही.

बार्टलनं गावातली कुजबुज ऐकवली. गेल्या शरदात वेंडेलनं नवीन तळी बसवली आणि त्याच आठवड्यात पाव भाजणाऱ्या लुट्झ भटारीची पाच वर्षांची मुलगी ओटिली चक्कीच्या पाटात बुडून मेली. लोक म्हणतात, तळी सुरळीत फिरावी म्हणून चक्कीवाल्यानं पाण्याला पोर दिली. मी म्हटलं, असल्या गोष्टी प्रत्येक चक्कीबद्दल सांगतात. बार्टल म्हणाला, प्रत्येक चक्कीत पोर मरत नाही.

पण आजची खरी गंमत वेगळीच. पाप्याचा चेहरा चार दिवस शोधतोय, सापडत नव्हता. आज वेंडेल आणि कुनिगुंड वरची तळी पहारीनं उचलत होते. पहार सटकली. कुनिगुंडचा हात खाली, तळी पडता पडता वेंडेलनं खांद्यावर झेलली. त्या क्षणी त्याचा चेहरा! डोळे विस्फारलेले, तोंड अर्धं उघडं, मानेच्या शिरा टरारलेल्या. हात सुखरूप निघाला. तो तिची बोटं एकेक करून मोजत बसला आणि मी पटकन कोळसा काढून सगळं उतरवून घेतलं.

हाच चेहरा. नरकाचं भय म्हणतात ते हेच.


१९ मे

आज पापी रंगवला. पहाटे गिलावा, उतरत्या उन्हापर्यंत काम, मधे पाण्याचा घोटसुद्धा नाही. आयुष्यात एवढं चांगलं काही काढलेलं नाही. तळीचा दोर गळ्यात रुततोय, पाय काठावरून सुटलेत आणि तो चेहरा.

वेंडेलला विचारायला हवं होतं का, असं क्षणभर वाटलं. पण चेहरा काय कुणाच्या मालकीचा असतो? माझ्या एका देवदूताला कॉन्स्टान्स शहरातल्या न्हाव्याचा चेहरा आहे.


२३ मे, रविवार

मोठ्या प्रार्थनेआधी पडदा काढला. आधी एका बाईचा हुंदका, मग सगळीकडून एकच आवाज, "चक्कीवाला! चक्कीवाला आहे हा!"

ओळखला! शेवटच्या बाकावरच्या म्हातारीनंसुद्धा ओळखला. चिताऱ्याला याहून मोठं बक्षीस नाही.

लुट्झ भटारी पुढे आला. माणूस खांबासारखा उंच, पण ओठ थरथरत होते. "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. पाद्रीबाबांनीही तेच विचारलं. कुणी काही सांगितलं नाही, असं मी म्हणालो आणि मग भिंत पुरी झाल्यावर प्रत्येक चितारी नम्रपणानं जे म्हणतो ते म्हणालो, "हात माझा, काम देवाचं." शिकाऊ असताना पहिल्या दिवशीच शिकवलेलं वाक्य. न म्हणणं उद्धटपणा.

लोकांनी क्रूसाची खूण केली. काहींनी माझ्या बाहीला हात लावला. मला भरून आलं.

वेंडेल मागे घंटाघराखाली उभा असतो, त्याची जागा तीच. घरी आल्यावर तो म्हणाला, "नाक बरोबर आलंय." म्हणजे त्यालाही आवडलं.


२६ मे

तीन दिवस कुणी दळण आणलेलं नाही. तळी थांबली की घर भलतंच शांत होतं. सवयीनं झोप येईना.

भटारीची बायको आफ्रा रोज दुपारी चर्चमध्ये येते. बारीक चणीची, हातांना भाजल्याचे डाग. सगळे वेंडेलचा चेहरा बघतात, ही पाण्याकडे बघत उभी राहते. आज विचारलं, "ह्याला ढकललाय, की पाय घसरलाय?"

मी समजावलं की पापी स्वतःच्या पापाच्या ओझ्यानं बुडतो, तळी हे त्याचं प्रतीक.

"तेव्हा काठावर कुणीच नव्हतं का?" ती म्हणाली.

चित्रातली रचना सामान्य माणसाला समजत नाही. काठावर माणसं काढली तर चेहऱ्याकडे लक्ष जात नाही, असं सांगितलं. ती गेली.


२७ मे, स्वर्गारोहणाचा सण

आज शिपाई आले आणि वेंडेलला बुरुजात घेऊन गेले. लुट्झनं फिर्याद दिली आहे. पुरावा काय, असं मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "अहो, तुम्हीच की!"

शुक्रवारी, चार जूनला पंचांपुढे मी बोटं वर करून शपथ घ्यायची. पाद्रीबाबा हरखलेत. त्यांच्या भिंतीनं खून उघडकीला आणला, आता जत्रा भरेल म्हणतात. उल्मलाही बातमी पोचली. उस्ताद गेबहार्टांचा निरोप आला की ते सणापर्यंत थांबणार नाहीत, शुक्रवारीच येतील.

हवं होतं ते सगळं एकदम माझ्या दारात आलंय आणि आज मी सूपचा वाडगा भरलेला तसाच ठेवला.


३१ मे

कुनिगुंड चार दिवस बोलली नव्हती. आज तिनं वाडगा समोर आपटला आणि उभीच राहिली.

"देवानं हात धरला व्हता नव्हं तुमचा? कंचा? डावा का उजवा?"

"ते बोलायची रीत असते, बाई."

"मग रीतीनं लटकवा त्याला! काल शिपाई सांगून गेला, शिडी झाडून पुसून ठेवा. ज्येला लटकवायचं त्येचीच शिडी!"

मी विचारलं, ओटिली गेली त्या दिवशी वेंडेल कुठे होता. ती बघतच राहिली. इतके दिवस तिचं सूप खाल्लं आणि हे मी विचारलंही नव्हतं.

"शिडी धरून! त्या दिशी घोडाचोराला फाशी व्हती. समदं गाव माळावर. मी चक्कीवर, आतल्या अंगाला. पाटावर चिटपाखरू न्हाई. त्यो हिथं असता तर पोर पाण्याजवळ जाऊ दिली असती व्हय त्येनं?"

"मग गावानं त्याला पाहिलं असेल."

"फाशीच्या वक्ताला चक्कीवाल्याकडं बघितलं की अपशकुन. कोन म्हणंल, म्या बघितला? आन माझी साक्ष कोण घेतंय!"

आता नीट मांडून बघतो. मी पंचांना सांगितलं की देवाचा काही संबंध नाही, समोर दिसला तो चेहरा मी काढला, तर मी एका निर्दोष माणसाची अब्रू घेतली असं ठरतं. अब्रू घेणाऱ्याला इथे काय करतात ते कचेरीच्या भिंतीवर टांगलेलंच आहे. साखळीला दोन दगड, एरवी भांडखोर बायकांच्या गळ्यात घालतात ते. ते गळ्यात घालून चर्चभोवती तीन फेऱ्या. ज्याच्या गळ्यात ते पडले त्याला कुठलाही संघ दारात उभं करत नाही. म्हणजे उस्तादपण संपलं, या जन्मापुरतं.

आणि नाही सांगितलं तर वेंडेल संपला.

कदाचित देवानंच हात धरला असेल. मला काय ठाऊक? नसता धरला तर त्याच दिवशी पहार कशाला सटकली असती? हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि मला माझीच किळस आली.


३ जून

उस्ताद आज संध्याकाळीच पोचले. भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "योडोक, हा चेहरा मला जमला नसता." अकरा वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. तेवढ्यात बुरुजाच्या खिडकीतून कुणीतरी खोकलं. चर्चच्या दारातून ते ऐकू येतं, हे मला याआधी माहीत नव्हतं.

उद्या काय बोलणार ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.


४ जून, शुक्रवार

झालं. आजचं आजच लिहितो.

कचेरी खचाखच. पंच सात. वेंडेलला साखळीनं आणलं, आठ दिवसांत भुवयांतलं पीठ गेलं होतं आणि तो कुणी भलताच वाटत होता. माझ्या चित्रासारखा तर अजिबात नाही. पुढच्या बाकावर उस्ताद, फरची टोपी घालून.

मला बोटं वर करायला लावली. मुख्य पंचांनी विचारलं, "चितारी योडोक, हा चेहरा काढताना तुझा हात कुणी धरला होता?"

मी उस्तादांकडे पाहिलं. ते हसून मान डोलावत होते.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोल."

"कुणीही नाही. मी त्याच्या घरी राहतो. रोज त्याच्यासमोर बसून सूप पितो. एक दिवस तळी सटकली, बायकोचा हात खाली होता, तेव्हा तो घाबरला. ते मी उतरवलं. ती भीती बायकोच्या बोटांसाठी होती. पाप्याला द्यायला मला चेहरा हवा होता आणि एवढा चांगला दुसरा मिळाला नाही."

"मग देवाचं काम म्हणालास ते?"

"आम्ही प्रत्येक भिंतीला तेच म्हणतो. तबेला रंगवला तरी म्हणतो."

मागे कुणीतरी खिदळलं. लुट्झ ओरडला, "घाबरलाय हा! चक्कीवाल्याचं मीठ खाल्लंय यानं!" सगळ्यांनी गलका केला. मुख्य पंच म्हणाले, चिताऱ्यानं शब्द फिरवला, एवढ्यानं चक्कीवाला सुटत नाही. त्या दिवशी शिडी टेकवून तो कुठे गेला, हे सांगणारा कुणी आहे का?

कुणी नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. माझं सगळं गेलं आणि त्याचाही जीव वाचत नाही!

"मी आहे," आफ्रा म्हणाली.

"तू भट्टीवर होतीस," लुट्झ म्हणाला. "आफ्रा, तू घरी होतीस."

"नव्हते. मी घरी होते असं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, म्हणून मी गप्प बसले. ओटिली झोपली होती. म्हटलं, जाऊन बघून येते, सगळेच गेलेत. मी माळावर मागं उभी होते. मला फासाकडं बघवेना, म्हणून मी चक्कीवाल्याकडं बघत राहिले. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत शिडी धरून होता. प्रेत उतरवलं तरी होता. मग मी घरी गेले, तर दार उघडं होतं."

लुट्झनं तिच्यावर हात उगारला, मग तोच हात तोंडावर घेऊन तो खाली बसला. मोठा माणूस रडतो तेव्हा किती ओंगळ आवाज येतो.

वेंडेलला सोडलं. मला दगड. उस्ताद गेबहार्ट निकाल संपायच्या आत उठून गेले. मी दारापर्यंत त्यांच्या मागे धावलो, पण ते घोड्यावर बसले आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.


६ जून, पवित्र आत्म्याचा सण

तीन फेऱ्या झाल्या. दगड वाटले होते त्याहून जड. दुसऱ्या फेरीत साखळीनं मानेचं कातडं सोललं. "बायकांचा दागिना घातलाय बघा चिताऱ्यानं!" असं पोरीबाळी ओरडत होत्या. गवंडी बार्टलनं सलगम फेकून मारलं, नेम चांगला आहे.

चक्कीवर गेलो. तळी फिरत होती, दळण घेऊन दोघंजण आले होते. वेंडेल दारात उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"माझं तोंड तिथनं काढा. मग बघू."


८ जून

काल फोडलं. छिन्नीच्या सहा घावांत गेलं. वेंडेलचे डोळे तुकड्या-तुकड्यांनी खाली पडले, ते मी गोळा करून पाटात टाकले.

आणि आज बघतो तर लोक त्या खड्ड्यासमोर थांबतायत. आई पोराला बोट दाखवून सांगते, "इथं चक्कीवाला होता बरं का." चेहरा होता तेव्हा निदान चित्र तरी बघत होते. पाद्रीबाबा म्हणतात, दुसरं तोंड काढ. कुणाचं? कुणाचंही काढलं तरी ते कुणाचं तरी असणारच. माझंच काढीन म्हटलं. पाद्रीबाबा म्हणाले, वेदीसमोर दगडवाल्याचं तोंड नको. मनातून मला तेवढंच हवं होतं, म्हणजे निदान भिंतीवर तरी राहिलो असतो. ही हाव अजून जात नाही.

दारातल्या पायरीवर बसून हे कुनिगुंडला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तोंडच कशापायी पायजे? बुडत्याचं तोंड दिसतंय व्हय कुणाला? पान्याखाली जातंय ते."

चौतीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.


९ जून

बार्टलनं शब्द न बोलता गिलावा करून दिला. मानेच्या वर पाणी घेतलं. खांदे, दोर, तळीची कड आणि त्यावर पाण्याची वलयं, बस्स. कोळशाची काळी पूड चुन्यात मिसळली की लांबून निळी दिसते, तोच रंग सगळीकडे फिरवला. पाणी काढायला मी फारसा शिकलेलो नाही. दोनदा ओला गिलावा खरवडून नव्यानं घ्यावा लागला.

दुपारी आफ्रा आली. मला वाटलं, नेहमीसारखी उभी राहील आणि जाईल. तिनं विचारलं, "वर येऊ का?" आणि उत्तराची वाट न पाहता शिडी चढून परांचीवर आली, माझ्या शेजारी, पिठाच्या हातांनी दांडी धरून.

"असं नव्हतं," ती म्हणाली.

मी कुंचला थांबवला.

"निळं नव्हतं. हिरवं होतं. मी उतरले ना आत, कमरेपर्यंत. वरनं निळं दिसतं, आत हिरवं असतं. खाली गवत हलत होतं, तिचे केस त्याच्यात अडकले होते. मला वाटलं, सगळं गवतच आहे."

भटारी लुट्झची पोर, नवीन तळी, फिर्याद, हे सगळं मी इतके दिवस ऐकत होतो आणि त्या पोरीला केस होते हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

गिलावा अजून ओला होता. मी हिरव्या मातीची वाटी घेतली आणि थोडं पाणी घातलं.

"एवढं?" मी विचारलं.

"अजून गडद," आफ्रा म्हणाली. "खाली अजून गडद."

अंधारून येईपर्यंत ती सांगत गेली आणि मी रंगवत गेलो.